वाचकांचे प्रश्न : पुराचे पाणी, शेत आणि शेतकरी

नदीचे पूर आणि शेती या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. बहुतेक पत्रांत पुराची मोजदाद किती फूट पाणी चढले आणि किती क्षेत्र बुडाले एवढ्यावरच थांबलेली दिसली. शेतकऱ्यासाठी याहून महत्त्वाच्या गोष्टी दोन आहेत : पाणी शेतात किती दिवस थांबले, आणि ते पिकाच्या कोणत्या अवस्थेत आले. पुढील उत्तरांत मी पुन्हा पुन्हा या दोन गोष्टींकडे वळणार आहे.

प्रश्न : पूर सुपीक गाळ आणतो आणि नद्यांच्या काठी संस्कृती फुलल्या, असे आम्ही शाळेत शिकलो. मग त्याच पुराने शेतकरी उद्ध्वस्त कसा होतो?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण आपण ज्याला ‘पूर’ या एकाच नावाने ओळखतो त्यात निरनिराळ्या घटना सामावलेल्या असतात. बांगलादेशातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात हा भेद स्पष्ट आहे. दरवर्षी ठरलेल्या काळात येऊन शेतांवर संथपणे पसरणाऱ्या पाण्याला ते ‘बर्षा’ म्हणतात, तर अवेळी किंवा प्रमाणाबाहेर येऊन नासाडी करणाऱ्या पाण्याला ‘बोन्ना’ म्हणतात. पहिल्याची ते वाट पाहतात, दुसऱ्याची धास्ती घेतात.

इजिप्तमध्ये हजारो वर्षे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नाईलचे पाणी बांध घातलेल्या विस्तीर्ण वाफ्यांत घेतले जाई, काही आठवडे मुरू दिले जाई आणि मग ते काढून देऊन ओल्या गाळात गहू व जव पेरले जात. पाणी येई तेव्हा शेत रिकामे असे, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पूर्ण झाले. त्यामुळे पूर थांबले आणि बारमाही सिंचन मिळाले, परंतु गाळही धरणामागेच अडकला. शेती रासायनिक खतांवर अधिकाधिक अवलंबून राहू लागली आणि नदीमुखाशी गाळाची भर पडणे थांबल्यामुळे त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची झीज वाढली. व्हिएतनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातही वर्षात भाताचे तिसरे पीक घेता यावे म्हणून उंच बांधांनी पुराचे पाणी बाहेर ठेवण्यात आले. तेथील शेतकऱ्यांना पीक मिळाले, पण गाळ आणि पुराबरोबर शेतात येणारी मासळी यांना ते मुकले.

कोसी नदीची कहाणी याच्या अगदी उलट आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे तिचा पूर्वेकडील तटबंध फुटला आणि नदी बिहारमध्ये आपल्या जुन्या पात्रांच्या दिशेने वाहू लागली. पिढीभर ज्यांनी पूर पाहिला नव्हता अशी गावे पाण्याखाली गेली, तीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ बसली आणि पाणी उतरल्यावर अनेकांच्या शेतात गाळाऐवजी वाळू आढळली. सुपीक गाळ म्हणजे संथ पाण्यातून सावकाश खाली बसणारे बारीक कण होत. वेगाने घुसणारे पाणी जड वाळूही ओढून आणते आणि वेग मंदावताच ती फुटलेल्या जागेच्या जवळपास टाकून देते, तर बारीक कण पुढे वाहत जातात. त्यामुळे एकाच पुरात एका शेतकऱ्याला नवी माती लाभते आणि दुसऱ्याची जुनी माती वाळूखाली गाडली जाते.

प्रश्न : पिकाला पाणी तर हवेच असते. मग चार दिवस पाण्यात राहिल्याने ते का मरते? भात तर सदैव पाण्यातच उभा असतो.

उत्तर : पीक मरते ते श्वास कोंडल्यामुळे. मुळांना ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनचा पुरवठा जवळजवळ तुटतो, कारण तो हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट संथ गतीने पाण्यातून पसरतो. मातीत उरलेला ऑक्सिजन मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. त्यानंतर मुळांची पाणी ओढण्याची शक्तीच जाते, आणि म्हणून गुडघाभर पाण्यात उभे असलेले पीक तहानेने सुकल्यासारखे माना टाकते. हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याला चक्रावून टाकते. हवा आणि पाणी उष्ण असेल तर श्वसनाचा वेग वाढतो व ही मुदत आणखी आखडते. मक्याचे कोवळे रोप, ज्याचा वाढीचा कोंब अद्याप जमिनीच्या पातळीखाली असतो, ते थंड हवेत पाण्याखाली चार दिवसांपर्यंत तग धरू शकते, परंतु उष्ण हवेत दोन दिवसही काढणे त्याला कठीण जाते. पाणी गढूळ असेल तर पानांना प्रकाशही मिळत नाही.

भाताच्या खोडात आणि मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात. पाने पाण्यावर आहेत तोवर त्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत हवा पोहोचते. संपूर्ण रोप बुडाले की हा मार्ग बंद होतो. अशा वेळी सर्वसाधारण जातीचे रोप पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी भराभर उंच होऊ पाहते, त्यात साठवलेली साखर खर्च करून बसते आणि आठवडाभरात बहुधा दम तोडते. खोल पाण्यातल्या पारंपरिक जाती मात्र दिवसाला वीस सेंटीमीटरहून अधिक वाढून पाण्याच्या पातळीशी खरोखरच शर्यत लावू शकतात.

ओडिशातील एका पारंपरिक वाणापासून निवडलेल्या ‘एफआर १३ ए’ या जातीने याच्या नेमका उलटा मार्ग पत्करला आहे. ती पाण्याखाली वाढ थांबवते आणि शक्ती राखून ठेवते. या गुणामागचे ‘सब१ए’ हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले आणि ते अंगी असलेली ‘स्वर्णा-सब१’ ही जात २००९ मध्ये भारतात प्रसारित झाली. अशी रोपे सुमारे दोन आठवडे पूर्ण बुडूनही पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटतात. नदीकाठच्या अल्पभूधारकासाठी हे मोलाचे संशोधन आहे, असे मी मनापासून मानतो. त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत : भात फुलोऱ्यात असताना पूर आला, किंवा गुडघा-मांडीएवढे पाणी महिना-दोन महिने साचून राहिले, तर या गुणाचा फारसा उपयोग होत नाही. बियाणे घेण्यापूर्वी आपल्या शेतात पाणी कोणत्या काळात येते आणि किती दिवस राहते, हे शेतकऱ्याने पाहावे.

प्रश्न : पूर ओसरून आठ दिवस झाले. शेत वरून वाळलेले दिसते. शेजाऱ्यांनी नांगर घातला आहे. मीही लगेच फेरपेरणी करावी का?

उत्तर : आपली घाई मी समजू शकतो, कारण हंगामाचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. तरीही नांगर घालण्यापूर्वी शेतात तीन-चार ठिकाणी हातभर खोल खड्डे घ्या. वरची खपली वाळलेली असते, पण खाली माती चिखलाचीच असते, असे पुरानंतर हमखास आढळते. खालच्या मातीचा मूठभर गोळा करून बोटाने दाबा. तो चिकटून राहिला तर वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, आलेला नाही, आणि भुगा होऊन सुटला तर आलेला आहे. मातीचा रंग निळसर-राखाडी असेल आणि तिला कुजका वास येत असेल, तर तिच्यात अद्याप हवा शिरलेली नाही. अशा जमिनीवर ट्रॅक्टर घातला तर चाकांखाली आणि फाळाखाली जो घट्ट थर तयार होतो, तो पुढील कित्येक हंगाम मुळांना खाली जाऊ देत नाही. पुराने न केलेले नुकसान त्यामुळे आपल्याच हाताने होते. तोवर करण्यासारखे काम म्हणजे पाण्याला वाट देणे. गाळाने बुजलेले चर मोकळे करावेत, सखल कोपऱ्यातून उथळ चर काढावेत आणि खपली हलक्या हाताने फोडावी.

दुसरी गोष्ट खताची. ऑक्सिजन संपलेल्या मातीत सूक्ष्मजीव नायट्रेटचे, म्हणजे मुळांना घेता येणाऱ्या नत्राचे (नायट्रोजनचे), वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. उरलेल्या नायट्रेटपैकी बरेचसे पाण्याबरोबर खाली झिरपते. म्हणून पुरापूर्वी दिलेले नत्र जमिनीत शिल्लक आहे असे धरून चालू नका. फेरपेरणीचे पीक नव्याने खत मागेल. उभे पीक वाचले असेल तर मात्र नवी पांढरी मुळे दिसेपर्यंत थांबा, कारण खत घेणारे मूळच नसताना टाकलेले खत वाया जाते.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मातीत एक उपकारक बुरशी असते. ती मुळांशी जोडली जाते आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देते. जमीन दीर्घकाळ पाण्याखाली आणि पिकाविना राहिली की या बुरशीचे प्रमाण घटते. १९९३ मध्ये मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांना आलेल्या मोठ्या पुरानंतर, पुढच्या हंगामात पेरलेला मका जमिनीत स्फुरद असूनही खुरटलेला आणि जांभळट पानांचा निघाल्याचे अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या लक्षात आले. त्यावरचा उपाय सोपा आहे. शेत रिकामे न ठेवता एखादे झटपट वाढणारे आच्छादन पीक घ्यावे, म्हणजे बुरशीला पुन्हा आसरा मिळतो. यासाठी मोहरी आणि कोबीच्या कुळातील पिके निवडू नयेत, कारण त्यांची मुळे या बुरशीशी नाते जोडत नाहीत.

शेतात वाळू आली असेल तर ती किती जाड आहे ते आधी मोजा. चार बोटांचा थर नांगरटीत मिसळून जातो. वीतभर थर असल्यास त्याच्या किमान दुप्पट खोलीपर्यंतची मूळ माती त्यात मिसळेल अशी खोल नांगरट करावी लागते. त्याहून जाड थर उचलून बाहेर काढण्याचा खर्च एका कुटुंबाच्या आवाक्यातला नसतो, आणि म्हणून पुरानंतरच्या मदतीत त्याचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे.

प्रश्न : पुरात भिजलेले धान्य, भाजीपाला आणि विहिरीचे पाणी वापरावे का? जनावरांची काय काळजी घ्यावी?

उत्तर : पुराच्या पाण्यात मैला, मेलेली जनावरे, कीटकनाशके आणि इंधन असे सारे मिसळलेले असते. पुराचे पाणी लागलेला, कच्चा खाल्ला जाणारा भाजीपाला टाकून द्यावा. त्या पाण्यात बुडालेले धान्य वाळवून खाण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील बुरशीचे विष शिजवल्याने नाहीसे होत नाही. साठ्याच्या वरच्या भागातील कोरडे धान्य तेवढे वेगळे काढावे. विहीर उपसून निर्जंतुक केल्याशिवाय आणि पाणी तपासून घेतल्याशिवाय ते पिऊ नये, तोपर्यंत दुसरीकडून आणलेले पाणी उकळून प्यावे. भिजलेल्या कडब्याच्या आणि गवताच्या गंजी आतून तापतात आणि पेटही घेतात, त्या गोठ्यापासून दूर हलवाव्यात.

जनावरांबाबत सर्वांत आधी सांगायचे ते हे की, पाणी वाढू लागताच दावी सोडावीत. पुरात जनावरे दगावण्याचे एक मोठे कारण ती बांधलेली असणे हे आहे. पाणी ओसरल्यावर खुरांचे आजार, लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून पसरणारा जिवाणूंचा आजार) आणि काही भागांत फऱ्या किंवा काळपुळी उद्भवू शकते, म्हणून लसीकरण पुराच्या हंगामापूर्वी करून घ्यावे.

प्रश्न : नदीकाठचे तटबंध आणखी उंच केले तर हा प्रश्न कायमचा सुटणार नाही का? आमच्या गावाची हीच मागणी आहे.

उत्तर : ही मागणी मी चुकीची म्हणणार नाही, कारण ज्याचे घर दोनदा बुडाले त्याला भिंतच हवी असते. परंतु तटबंधाकडून काय अपेक्षित करावे आणि काय करू नये, हे मागणीपूर्वी ठाऊक असावे. तटबंधांमध्ये कोंडलेली नदी आपला गाळ शेतांऐवजी स्वतःच्या पात्रात टाकते आणि पात्र वर येते. चीनमधील पीत नदी काही भागांत भोवतालच्या मैदानाहून उंच पातळीवर वाहते, ती याच कारणाने. दुसरे असे की, जी भिंत नदीचे पाणी आत येऊ देत नाही, ती शेतातले पावसाचे पाणी बाहेरही जाऊ देत नाही. दोन दिवसांत ओसरले असते ते पाणी दोन आठवडे साचून राहते, आणि पिकाच्या दृष्टीने दोन दिवस व दोन आठवडे यांतील अंतर जगणे आणि मरणे यांतील अंतर आहे. तटबंधाच्या प्रत्येक आराखड्यात पाणी बाहेर काढण्याची दारे कोठे आहेत, त्यांची देखभाल कोण करणार आणि त्यांच्या चाव्या कोणाकडे राहणार, हे प्रश्न गावाने आग्रहाने विचारावेत.

मिसिसिपीवर १९२७ पर्यंत केवळ तटबंधांवर भिस्त ठेवण्याचे धोरण होते. त्या वर्षी ते अनेक ठिकाणी फुटले, सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर प्रदेश जलमय झाला आणि सहा लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. १९२८ च्या कायद्याने पुराला मुद्दाम वाट देणारे राखीव पट्टे ठरवले गेले. त्यांपैकी मिसुरी राज्यातील एका पट्ट्याचा तटबंध २ मे २०११ रोजी अभियंत्यांनी स्फोट करून उघडला. त्यामुळे शेजारच्या इलिनॉय राज्यातील केरो हे शहर वाचले आणि सुमारे १ लाख ३० हजार एकर शेती ऐन वसंतात पाण्याखाली गेली. शहर वाचवण्यासाठी शेत बुडवणे कधी कधी अपरिहार्य असते, हे मी मान्य करतो. मात्र ज्याचे शेत बुडवायचे त्याच्याशी करार आणि भरपाईचा दर ही दोन्ही कामे पूर येण्यापूर्वी झालेली असावीत, असे माझे ठाम मत आहे.

असा समजूतदारपणा अशक्य नाही. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुराच्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर नदीला जागा करून देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. ओव्हरडीप नावाच्या शेतपट्ट्यात पाणी घेण्याचे ठरले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीच पर्यायी आराखडा मांडला. काही कुटुंबांनी जागा सोडली आणि उरलेल्यांनी घरे व गोठे बांधाला लागून उभारलेल्या उंच टेकाडांवर नेले. मोठा पूर आला तर कुरणे बुडतील, घरे आणि गुरे वाचतील, अशी ही योजना आहे. थायलंडमध्ये बांग राकाम या सखल भागात याहूनही कमी खर्चाचा मार्ग निघाला. २०१७ पासून तेथे भाताची लावणी लवकर करून पीक पुराच्या आधी कापले जाते, आणि रिकाम्या शेतांत नदीचे जादा पाणी साठवले जाते. शेतकरी त्या पाण्यात मासे धरतात. नाईलकाठची जुनी युक्ती येथे नव्या रूपात आलेली दिसते.

प्रश्न : माझी स्वतःची जमीन नाही. मी वाट्याने शेती करतो आणि उरलेल्या दिवसांत मजुरी करतो. पुरानंतरच्या मदतीच्या यादीत आमच्यासारख्यांचे नाव का नसते?

उत्तर : कारण मदत जमिनीच्या कागदावरून मोजली जाते आणि आपले नाव त्या कागदावर नसते. बियाणे व श्रम आपले वाहून गेले तरी भरपाई मालकाच्या नावे निघते. मजुराचे नुकसान तर कोणत्याच मोजणीत येत नाही, कारण न मिळालेल्या कामाचे दिवस कोणी नोंदवत नाही. बांगलादेशातील १९७४ च्या दुष्काळाचा, म्हणजे उपासमारीचा, अभ्यास करताना अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की, त्या वर्षी देशात दरडोई धान्य लगतच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते. पुरामुळे शेतातली कामे बुडाली, मजुरी थांबली, तांदळाचे भाव चढले आणि ज्यांच्याकडे श्रमाशिवाय विकायला काही नव्हते ते उपाशी राहिले. १९९८ मध्ये त्याच देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला आणि अनेक ठिकाणी पाणी दोन महिन्यांहून अधिक काळ राहिले. या वेळी खासगी व्यापाऱ्यांना आयातीची मुभा असल्यामुळे तांदूळ आला आणि भाव आवाक्यात राहिले. दुष्काळ टळला, परंतु गरीब कुटुंबांनी ते महिने कर्ज काढून निभावले, आणि ते कर्ज पुराच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ घरात राहिले.

म्हणून मदतीची वेळ तिच्या रकमेइतकीच महत्त्वाची ठरते. जुलै २०२० मध्ये पूर्वअंदाजाच्या आधारे संयुक्त राष्ट्रांनी बांगलादेशासाठी ५२ लाख डॉलर पूर शिगेला पोहोचण्यापूर्वीच मोकळे केले. त्यातून रोख रक्कम, पशुखाद्य आणि बियाणे-धान्य ठेवण्यासाठी पाणीबंद पिंपे देण्यात आली. पाणी येण्यापूर्वी हाती आलेली रोख रक्कम भूमिहीनालाही उपयोगी पडते, कारण ती सातबाऱ्यासारख्या कोणत्याही उताऱ्यावर अवलंबून नसते, आणि मग गाय पडत्या भावात विकण्याची पाळी येत नाही. मदत एका हंगामापुरती धरणेही चूक आहे. पाकिस्तानात २०२२ च्या पुराची झळ ३ कोटी ३० लाख लोकांना बसली. सिंध प्रांतात पाणी काही भागांत महिनोन्‌महिने उतरले नाही. उभा कापूस गेलाच, शिवाय हिवाळ्यातील गव्हाची पेरणीही अडली. दोन हंगामांची मजुरी तेथे एका पुराने नेली.

आपल्यासारख्या वाटेकऱ्यांनी पेरणीच्या वेळीच मालकाशी झालेला करार दोन साक्षीदारांसमोर साध्या कागदावर लिहून ठेवावा, असे मी सुचवतो. नुकसानीची पाहणी होते तेव्हा तो कागद बोलण्याला आधार देतो.

प्रश्न : आम्ही काही तरुण शेतकरी गावातील पुराची नोंदवही सुरू करत आहोत. तीत काय लिहावे?

उत्तर : कैरोमधील रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये बांधलेला नाईलमापक आजही उभा आहे. त्याच्या खांबावरील खुणांवरून त्या वर्षीचे पीक कसे येईल आणि शेतसारा किती बसेल याचा अंदाज बांधला जाई. तुमच्या वहीला एखाद्या पक्क्या भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी पुरेल. पाण्याची सर्वोच्च पातळी जरूर लिहा, पण तेथेच थांबू नका. प्रत्येक शिवारासाठी पाणी कोणत्या तारखेला शिरले, त्या दिवशी कोणते पीक कोणत्या अवस्थेत होते, पाणी कोणत्या तारखेला निघाले, मागे गाळ राहिला की वाळू आणि तिचा थर किती जाड, हे नोंदवा. मजुरीचे किती दिवस बुडाले तेही घरटी विचारून लिहा. शेवटच्या रकान्यात जमिनीला वाफसा आल्याची तारीख असू द्या. पाणी निघाल्याच्या तारखेपासून ती किती लांबली हे चार-पाच वर्षे पाहिले, की कोणत्या शिवारात चर हवा, कोणत्या शिवारात लवकर येणारे वाण हवे आणि कोणते शिवार पुराच्या महिन्यांत रिकामेच ठेवावे, हे तुम्हाला वहीवरूनच ठरवता येईल.